'तरुणींची सुटका' : बातमी संपते तिथून पुढे

गोव्यात मराठी पेपर वाचणाऱ्याला ही बातमी पाठ असते. कळंगुट, हणजूण नाहीतर पर्वरीत छापा पडला. बनावट गिऱ्हाईक पाठवून पोलिसांनी सापळा लावला, एका दलालाला अटक झाली, तीन तरुणींची सुटका झाली. शेजारी फोटो: दोन महिला पोलीस आणि मधे ओढणीत तोंड लपवलेल्या मुली. सहा ओळींत बातमी संपते, आपण पान उलटतो.

मी वकील आहे. मोफत कायदेशीर साहाय्याच्या कामात अशा 'सुटका झालेल्या' बायकांना भेटते. त्यांतल्या बऱ्याच जणींचा मला पहिला प्रश्न असतो, "वकीलबाई, मला सोडणार कधी?" सुटका झाली म्हणून पेपरात छापून आलंय, आणि ती बाई विचारतेय की सोडणार कधी. तिचं काही चुकत नाही. आपल्या कायद्यात सुटका आणि अटकाव हे दोन्ही एकाच दाराने आत येतात. ते कसं, हे शक्य तितक्या सोप्या भाषेत सांगायचा हा प्रयत्न आहे. तस्करी करणाऱ्यांबद्दल माझ्या मनात कणभरही सहानुभूती नाही, हे आधीच सांगून ठेवते.

## एक बस, चार प्रवासी

बेळगावहून चोर्ला घाटातून पणजीला येणारी बस डोळ्यांसमोर आणा. तिच्यात चौघी बसल्या आहेत. पहिली हॉटेलात खोल्या आवरायच्या कामावर निघाली आहे. चुलत बहिणीने काम लावून दिलंय. दुसरीला ब्युटी पार्लरमधली नोकरी सांगितली आहे, पण इथे उतरल्यावर तिचा फोन आणि आधार कार्ड काढून घेतलं जाईल आणि 'तुझ्यावर पन्नास हजार खर्च केलेत, ते फेड' असं सांगून तिला गिऱ्हाइकांपुढे उभं केलं जाईल. तिसरी पस्तिशीची. कुठल्या कामाला चाललोय हे तिला पक्कं ठाऊक आहे; हेच काम ती पूर्वी दुसऱ्या शहरात करत होती. सीझनला गोव्यात पैसे बरे मिळतात, मुलाची फी भरायची आहे, म्हणून निघाली. चौथी सोळा वर्षांची. शेजारची बाई तिची मावशी आहे असं ती सांगते.

चौघींचं तिकीट सारखं, बस सारखी, घाट सारखा. पण कायद्याच्या नजरेत चौघी वेगळ्या आहेत, आणि असायलाच हव्यात.

मानवी तस्करी म्हणजे एखाद्याला शोषणासाठी आणणं, नेणं, ठेवून घेणं किंवा दुसऱ्याच्या हवाली करणं, आणि तेही धमकी, जबरदस्ती, फसवणूक, सत्तेचा गैरवापर किंवा आमिष यांच्या बळावर. भारतीय न्याय संहितेच्या कलम १४३ मध्ये ही व्याख्या आहे; १ जुलै २०२४ च्या आधी ती दंडविधानाच्या ३७० व्या कलमात होती. मुळात ती २००० सालच्या संयुक्त राष्ट्रांच्या करारावर बेतलेली आहे आणि भारताने तो करार २०११ मध्ये मान्य केला. म्हणजे तीन गोष्टी जुळाव्या लागतात: काय केलं, कुठल्या मार्गाने केलं आणि कशासाठी केलं. मूल असेल तर मधला प्रश्न विचारायचाच नाही. अठरा वर्षांखालच्या मुलीच्या 'हो'ला काहीही किंमत नाही, आणि ते अगदी योग्य आहे.

या हिशेबाने दुसरी आणि चौथी तस्करीच्या बळी आहेत. पहिली स्थलांतरित कामगार आहे. तिसरीही आपल्या पायांनी आलेली स्थलांतरित आहे, फक्त तिचं काम आपल्याला पसंत नाही. मी स्वतः वापरते ती कसोटी साधी आहे: हिला या बसमधून उतरता येतं का? उद्या तिने 'मला परत जायचंय' म्हटलं, तर कुणी अडवेल का? अडवणारा कुणी असेल, तर तो गुन्हेगार.

याच कलमात एक वाक्य आहे की बळी पडलेल्या व्यक्तीची संमती विचारात घ्यायची नाही. त्याचा अर्थ बऱ्याचदा चुकीचा लावला जातो. कुणी मानेवर सुरा ठेवून जमिनीच्या विक्रीखतावर सही घेतली, तर 'सही तुमचीच आहे ना' म्हणून त्याला सुटता येत नाही. म्हणून काही गोव्यातली सगळी विक्रीखतं रद्द होत नाहीत. तसंच इथे. धमकीने किंवा फसवून मिळवलेला होकार हा गुन्हेगाराचा बचाव होऊ शकत नाही, एवढंच ते वाक्य सांगतं. सज्ञान बाईला स्वतःचं मतच नसतं, असं ते सांगत नाही.

हा गोंधळ एकदा थेट कायद्यातच शिरला होता. दिल्लीतल्या सामूहिक बलात्कारानंतर निघालेल्या फेब्रुवारी २०१३ च्या वटहुकुमात 'शोषण' या शब्दाच्या व्याख्येत वेश्याव्यवसायही घातला होता. देशभरच्या सेक्स वर्करांच्या संघटनांनी हरकत घेतली. स्वेच्छेने हे काम करणाऱ्यांना यात ओढायचा आपला हेतू नव्हता, हे त्या वेळी कायद्यातल्या सुधारणा सुचवणाऱ्या न्यायमूर्ती वर्मा समितीनेही स्पष्ट केलं, आणि नंतर झालेल्या कायद्यातून तो शब्द गेला.

## भाजी विका, पण...

बातम्यांत 'पिटा' म्हणून येतो तो कायदा वेगळा आणि जुना आहे. अनैतिक व्यापार प्रतिबंधक कायदा, १९५६. १९५० मध्ये भारताने न्यूयॉर्कला एका आंतरराष्ट्रीय करारावर सही केली होती, त्यासाठी तो आला; आजचं नाव त्याला १९८६ च्या दुरुस्तीत मिळालं. गोव्यातले बहुतेक छापे याच कायद्याखाली पडतात.

लोक मला विचारतात, वेश्याव्यवसाय आपल्याकडे कायदेशीर की बेकायदेशीर? याचं उत्तर म्हापशाच्या शुक्रवारच्या बाजारात नेऊन देते. समजा, उद्या सरकार म्हणालं की भाजी विकणं हा गुन्हा नाही. पण देऊळ, चॅपल, शाळा, दवाखाना यांच्यापासून दोनशे मीटरच्या आत विकायची नाही. गिऱ्हाइकाला हाक मारायची नाही, खिडकीत उभं राहून त्याचं लक्षही वेधायचं नाही. दोघी भाजीवाल्यांनी मिळून एका जागेत बसायचं नाही. जागा भाड्याने देईल तो गुन्हेगार. आणि भाजीच्या पैशांवर घरातलं सज्ञान माणूस जगत असेल, तर तोही गुन्हेगार.

हा कायदा असाच आहे. सज्ञान बाईने स्वतःच्या मर्जीने, एकटीने, चार भिंतींच्या आत पैसे घेऊन संबंध ठेवणं हा गुन्हा नाही. पण कलम ७ ने सार्वजनिक जागेची बंदी घातली, कलम ८ ने गिऱ्हाईक बोलावण्याची. गोव्यात कुठल्याही वाड्यावर देऊळ, चॅपल आणि शाळा यांपैकी काहीच दोनशे मीटरच्या आत नाही अशी जागा शोधून बघा. व्याख्येच्या कलमात कुंटणखान्याचा अर्थ असा दिलाय की दोन बायका एकमेकींच्या फायद्यासाठी एक खोली वापरत असतील, तरी ती खोली कुंटणखाना ठरते.

यावर जरा थांबायला हवं. एकट्या बाईला गिऱ्हाइकाकडून मार बसण्याची, पैसे बुडण्याची, त्याहून वाईट काही होण्याची भीती जास्त. म्हणून दोघी-तिघी एकत्र राहतात. एक आत असेल तर दुसरी बाहेर असते. कायद्याच्या लेखी हेच त्यांचं संगनमत. एकटी राहिली तर धोका, एकत्र राहिल्या तर गुन्हा. मग कुणीतरी पुरुष पुढे येतो, 'मी बघून घेतो' म्हणतो आणि निम्मे पैसे कापतो. ज्या दलालाला संपवायला कायदा निघाला, त्याचीच गरज तो निर्माण करतो.

कलम ४ ची गोष्ट तशीच. वेश्याव्यवसायाच्या कमाईवर जगणाऱ्या अठरा वर्षांवरच्या कुणालाही शिक्षा. हेतू दलालाला पकडण्याचा आहे. पण अशा बाईसोबत जो राहतो तो तिच्या कमाईवरच जगतो, असं कायदा गृहीत धरतो. तसं नाही हे त्याने सिद्ध करायचं. मुलगा अठरा वर्षांचा झाला की आईच्या पैशांवर कॉलेजात शिकणं त्याच्या अंगाशी येऊ शकतं. म्हातारी आईसुद्धा यातून सुटत नाही.

## छाप्यानंतरचे तीन आठवडे, आणि पुढे

छापा पडला की अधिकाऱ्याला त्या जागेत सापडलेल्या सगळ्यांना तिथून हलवायचा अधिकार कलम १५ देतं. सोबत दोन महिला पोलीस असायला हव्यात, झडतीला परिसरातले प्रतिष्ठित साक्षीदार हवेत आणि त्यांत एक बाई हवी. बायकांना लगेच दंडाधिकाऱ्यांपुढे उभं करायचं. पुढे कलम १७ सुरू होतं. चौकशी चालू असताना तीन आठवड्यांपर्यंत तिला संरक्षणगृहात ठेवता येतं, आणि चौकशीनंतर 'तिला काळजीची व संरक्षणाची गरज आहे' असं दंडाधिकाऱ्यांना वाटलं, तर एक ते तीन वर्षं.

एक ते तीन वर्षं. गिऱ्हाईक बोलावल्याबद्दल बाईवर गुन्हा सिद्ध झाला असता, तर पहिल्या वेळी जास्तीत जास्त सहा महिने. तिने काही गुन्हा केलेला नाही, ती पीडित आहे, असं ठरलं तर मात्र तीन वर्षांपर्यंत बंद दाराआड. हे वाक्य मी कॉलेजात पहिल्यांदा शिकले तेव्हा शिक्षकांची काहीतरी चूक होतेय असं मला वाटलं होतं.

चौकशीत काय बघायचं याची यादी कायद्यातच आहे. वय. चारित्र्य. पूर्वेतिहास. तिचा ताबा घ्यायला आई-वडील, पालक किंवा नवरा लायक आहेत का. घरच्या वातावरणाचा तिच्यावर काय परिणाम होईल. मदतीला पाच प्रतिष्ठित व्यक्तींचं मंडळ बोलावता येतं, त्यांत शक्यतो तीन बायका. पण तिला स्वतःला काय हवंय, हा मुद्दा या यादीत नाही.

एका पावसाळ्यातली गोष्ट सांगते. ओळख पटेल असं काही सांगत नाही. सव्वीस वर्षांची बाई छाप्यात सापडली होती. तिची आई कर्नाटकातल्या सीमेवरच्या गावातून रात्रभर प्रवास करून आली. प्लास्टिकच्या पिशवीत रेशन कार्ड, शाळेचा दाखला, गावातल्या पंचाचं पत्र, आणि मुलीच्या मुलाचा फोटो. रेशन कार्डावर मुलीचं माहेरचं नाव, आधारवर नवऱ्याचं, आणि पोलिसांच्या कागदावर तिने भीतीपोटी सांगितलेलं तिसरंच. 'ही तुमचीच मुलगी कशावरून?' म्हणून म्हातारीला परत पाठवलं. ती बाहेर पायरीवर बसून पिशवीतले कागद एकेक करून पुसत होती. पावसाने ओले झाले होते. मला म्हणाली, "वकीलबाई, ती सव्वीस वर्षांची बाईमाणूस आहे. तिला एक पोरगा आहे. तिला न्यायला मी कशाला लागते?"

कायद्याचं एवढं शिक्षण घेऊनही माझ्याकडे तिला द्यायला उत्तर नव्हतं.

## न्यायालयं काय म्हणाली आणि काय म्हणाली नाहीत

हा प्रश्न मुंबई उच्च न्यायालयापुढे आला होता. गोवाही याच न्यायालयाच्या अधिकारात येतो. पर्वरीला त्याचं खंडपीठ आहे. मुंबईत छाप्यात सापडलेल्या विशीतल्या तीन मुलींना खालच्या न्यायालयाने आईच्या ताब्यात द्यायला नकार दिला आणि वर्षभर वसतिगृहात ठेवायचा आदेश काढला. त्यांच्या जमातीत हा व्यवसाय परंपरेने चालतो, हे त्याचं कारण. सप्टेंबर २०२० मध्ये न्यायमूर्ती पृथ्वीराज चव्हाण यांनी तो आदेश रद्द केला. या कायद्यात वेश्याव्यवसाय स्वतः गुन्हा ठरवलेला नाही, सज्ञान बाईला आपला व्यवसाय निवडायचा अधिकार आहे आणि तिच्या इच्छेविरुद्ध तिला डांबून ठेवता येणार नाही, असं त्यांनी नमूद केलं.

पुढे १९ मे २०२२ रोजी सर्वोच्च न्यायालयाचा आदेश आला. कोलकात्यात १९९९ मध्ये एका सेक्स वर्करचा खून झाला होता. त्या बुद्धदेव कर्मासकर खटल्यातून हा विषय निघाला आणि न्यायालयाने २०११ मध्ये एक समिती नेमली. २०२२ च्या आदेशानंतर पुष्कळ ठिकाणी छापून आलं की वेश्याव्यवसाय आता कायदेशीर झाला. तसं झालं नाही. समितीच्या दहा शिफारशींपैकी काहींवर केंद्र सरकारने आक्षेप नोंदवला, आणि ज्यांवर आक्षेप नव्हता तेवढ्याच पाळायचे आदेश न्यायालयाने राज्यांना दिले. सज्ञान आणि राजीखुशीने काम करणाऱ्या बाईच्या वाटेला पोलिसांनी जाऊ नये, छाप्यात तिला अटक करू नये, आणि केवळ आई या व्यवसायात आहे म्हणून मुलाला तिच्यापासून तोडू नये, या शिफारशी आक्षेपांच्या यादीत अडकल्या. नवा कायदा होईपर्यंत त्या अधांतरीच आहेत.

जे मिळालं तेही मोठं आहे, आणि ते प्रत्येक पोलीस ठाण्यात माहीत असायला हवं. संरक्षणगृहांची पाहणी करून इच्छेविरुद्ध ठेवलेल्या सज्ञान बायकांना ठरावीक मुदतीत सोडायचं. अत्याचार झाला तर सेक्स वर्करलाही इतर कुणाही पीडितेसारखीच वैद्यकीय मदत द्यायची. छाप्याच्या बातमीत नाव, चेहरा, ओळख पटेल असं काही छापायचं नाही. कंडोम हा गुन्ह्याचा पुरावा धरायचा नाही. हा शेवटचा मुद्दा ऐकायला किरकोळ वाटतो. पण पर्समध्ये कंडोम सापडला तर पोलीस पकडतील अशी भीती असेल, तर बाई तो जवळ बाळगणार नाही, आणि पुढचा धोका तिच्यासोबत गिऱ्हाइकाच्या घरापर्यंत जातो. याच खटल्यात रहिवासाचे कागद नसलेल्या सेक्स वर्करांना आधार आणि रेशन कार्ड मिळायची वाटही मोकळी झाली.

## बायणा, जून २००४

मी वास्कोची. बंदर वाढलं, खलाशी आले, खनिजाचे ट्रक आणि बार्ज आले, तशी बायणाच्या किनाऱ्यावरची ती वेश्यावस्ती वाढली. आम्हाला लहानपणी तिकडे बघायचीही बंदी होती. तिथे लहान मुली विकल्या जात होत्या, बायकांना कोंडलं जात होतं, हे सगळं खरं होतं. वस्ती सुखाची होती, असं मी कधीच म्हणणार नाही.

उच्च न्यायालयाच्या २००३ च्या आदेशानंतर १४ जून २००४ रोजी तिथे बुलडोझर आले. मृग लागून पाऊस धरला होता. मी तेव्हा कॉलेजात होते. रस्त्याच्या कडेला पत्र्याच्या ट्रंका, गाद्या, देवाचे फोटो भिजत पडलेले मला आठवतात, आणि प्लास्टिक पांघरून बसलेल्या बायका. आंध्र आणि कर्नाटकातून आलेल्या या बायकांनी आपापल्या गावी परत जावं, असा सगळा सूर होता. पुष्कळजणींना गाव राहिलंच नव्हतं. कित्येकींना तर गावानेच देवाला सोडलं होतं.

त्यानंतर काय झालं, यावर लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजमधल्या डॉ. मरियम शाहमनेश आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी एचआयव्ही प्रतिबंधाच्या दृष्टीने अभ्यास केला. तो २००९ मध्ये प्रसिद्ध झाला. एका जागी असलेला धंदा संपला नाही. तो लपला आणि विखुरला. लॉज, भाड्याच्या खोल्या, किनारे, रस्ते. आधी आरोग्य कार्यकर्तीला एका दुपारी पन्नास बायका भेटायच्या. आता एकेकीला शोधायचं. आज तर तो फोनमध्ये गेलाय. कोंडलेली सोळा वर्षांची मुलगी वस्तीत निदान शेजारणीच्या नजरेला पडायची. बंद फ्लॅटमध्ये ती कुणाला दिसणार?

पाडकामानंतर वास्कोत एक चांगली गोष्टही घडली. 'अन्यायरहित जिंदगी', म्हणजे 'अर्ज', या संस्थेने स्विफ्ट वॉश नावाची लाँड्री उभी केली. हॉटेलांच्या चादरी, टॉवेल धुवायचं काम आणि त्याचा पगार. पुनर्वसन हा शब्द मला तिथे पटतो. संरक्षणगृहात शिवणकामाचा सहा महिन्यांचा वर्ग घेतला आणि बाहेर पडल्यावर हातात मशीनही नाही, याला पुनर्वसन म्हणवत नाही.

## भायल्यांचा प्रश्न

या सगळ्याला गोव्यात आणखी एक धार आहे. छाप्याच्या बातमीत मुलीचं राज्य हमखास लिहिलेलं असतं. महाराष्ट्राची, कर्नाटकची, पश्चिम बंगालची. वाचणारा सुटकेचा श्वास टाकतो: भायली आहे, आमची नव्हे. भायले, घाटी, हे शब्द आपण गोव्यात किती सहज वापरतो. माझी स्वतःची आजी घाटावरून आली होती.

पिटाचं कलम २० या भावनेला कायद्याचं बळ देतं. एखादी बाई वेश्याव्यवसाय करते अशी माहिती मिळाली, तर दंडाधिकारी तिला आपल्या हद्दीबाहेर जायचा आणि परत न येण्याचा आदेश देऊ शकतात. भारताच्या नागरिकाला देशात कुठेही राहायचा हक्क असताना हे कसं चालतं? सर्वोच्च न्यायालयाने १९६३ मध्ये कौशल्या खटल्यात हे कलम वैध ठरवलं, ते आजही आहे.

याची झळ या व्यवसायात नसलेल्यांनाही लागते. घरमालकावर कुंटणखाना चालवू दिल्याचा गुन्हा येऊ शकतो, म्हणून तो एकट्या परप्रांतीय बाईला खोलीच देत नाही. मणिपूर-नागालँडहून स्पामध्ये काम करायला आलेली मुलगी आणि नेपाळची वेट्रेस यांना शेजारी-पाजारी संशयाने बघतात. खोली मिळाली नाही की मालकाने दिलेल्या खोलीत राहावं लागतं, आणि मालकाच्या खोलीत राहणारीला नोकरी सोडता येत नाही. म्हणजे, जिला बसमधून उतरता येत होतं, तिचंही उतरणं अवघड झालं.

परदेशी बायकांचं तर आणखी कठीण. २०२३ मध्ये हणजूण पोलिसांनी केनियाच्या तरुणींना सोडवलं. हॉटेलात नोकरी देतो म्हणून आणलं होतं आणि पासपोर्ट काढून घेतले होते. ही खरी तस्करी, आणि पोलिसांनी केलं ते योग्यच. पण अशी बाई स्वतःहून ठाण्यात यायला का घाबरते, ते बघा. व्हिसा संपलेला असतो. परदेशी नागरिकांविषयीच्या कायद्यात तो गुन्हा. तिला धरून ठेवणारा माणूस रोज हेच सांगत असतो: पोलिसांकडे गेलीस तर तूच आत जाशील. तस्करीला बळी पडलेल्या परदेशी बाईवर असा खटला चालवू नये, असं केंद्रीय गृहमंत्रालयाने २०१२ मध्येच राज्यांना कळवलेलं आहे. ते तिच्यापर्यंत, तिच्या भाषेत, पोचवायचं कुणी?

आणि पुरुष? कुटबणच्या जेटीवर ओडिशा आणि झारखंडची पोरं ट्रॉलरवर महिनोन्महिने राबतात. २०२४ मध्ये तिथे कॉलरा पसरला, तेव्हा आपल्याला कळलं की त्यांना धड शौचालय नाही आणि पिण्याचं स्वच्छ पाणीही नाही. कुणाची मजुरी अडकवून ठेवली, कुणाचं कार्ड मालकाकडे असलं, तर 'तस्करी' हा शब्द कुणाच्या तोंडी येत नाही. संविधानाच्या २३ व्या कलमात मानवी व्यापार आणि वेठबिगारी एकाच ओळीत लिहिलेली आहेत. आपण त्यांतली पहिलीच वाचतो, आणि तीही फक्त बाईच्या शरीराबद्दल.

## 'पण गरिबीतून आलेली संमती ही संमती कसली?'

हा आक्षेप सगळ्यांत प्रामाणिक आहे आणि मी तो टाळणार नाही. भूक पाठीशी असेल तर निवड मोकळी नसते, हे खरं. पण ट्रॉलरवर चढणारा पोरगा, गटारात उतरणारा माणूस यांची निवड तरी मोकळी असते का? त्यांना आपण कोंडून ठेवत नाही. मजुरी वाढवा, सुरक्षा द्या, दुसरं काम द्या, असं म्हणतो. पर्याय अपुरे असतील, तर आणखी पर्याय द्यायला हवेत. आहे तोही काढून घेऊन दाराला कुलूप लावलं, तर निवड वाढत नाही. सुटल्यावर ती बाई पुन्हा तिथेच येते, फक्त आता वकिलाचं आणि सावकाराचं कर्ज डोक्यावर घेऊन.

## 'मग दलालांना मोकळं सोडायचं?'

उलट. दलालाला शिक्षा व्हायची तर साक्षीदार लागतो, आणि साक्षीदार तीच बाई. महिनाभर कोंडून ठेवलं, फोन काढून घेतला, चारित्र्याची चौकशी केली, तर ती साक्षीला उभी कशाला राहील? खोटं नाव सांगेल, सुटताक्षणी गाडी पकडेल, आणि दोन वर्षांनी खटला उभा राहील तेव्हा समन्स 'पत्ता सापडला नाही' म्हणून परत येईल. असे खटले पुराव्याअभावी कोसळताना मी पाहिलेत. तिचा जबाब सुरुवातीलाच दंडाधिकाऱ्यांसमोर नोंदवा, हवं तिथे जाऊ द्या, संपर्कात राहा, पुढे व्हिडिओवरून साक्ष घ्या. कायद्यात या सगळ्याची सोय आहे.

## 'ती सज्ञान असल्याचं खोटं सांगत असेल तर?'

सांगू शकते, सोळा वर्षांच्या मुलीला तसं पढवलेलंच असतं. म्हणून वयाची चौकशी झालीच पाहिजे, आणि ती होईपर्यंत सुरक्षित जागी ठेवणंही मला मान्य आहे. शाळेचा दाखला, जन्माची नोंद, नाहीच तर हाडांची तपासणी, जिच्यात एक-दोन वर्षांचा फरक पडू शकतो. संशय असेल तर मूल समजूनच वागा. लहान मुलांबाबत गोव्याने किंमत मोजून शहाणपण घेतलंय: मडगावला अनाथाश्रमाच्या आड मुलांवर अत्याचार करणाऱ्या फ्रेडी पीट्सला १९९१ मध्ये अटक झाली, १९९६ मध्ये शिक्षा झाली, आणि पुढे २००३ मध्ये राज्याने स्वतःचा बालक कायदा केला, स्वतंत्र बाल न्यायालय नेमलं. तिथे तडजोड नको. मी बोलतेय ती वय सिद्ध झाल्यानंतरच्या दिवसांबद्दल.

## 'कायदेशीर केलं तर गोव्याचं बँकॉक होईल'

इथे दोन गोष्टी एकमेकींत मिसळल्या जातात. कायदेशीर करणं म्हणजे सरकारने परवाने देणं, ठरावीक वस्ती आखणं, तपासण्या लावणं. गुन्ह्यातून वगळणं म्हणजे एवढंच की सज्ञान बाईच्या कामाशी फौजदारी कायद्याचा संबंध नाही. मारहाण, फसवणूक, कोंडणं, लहान मुलं, हे सगळे गुन्हे जागच्या जागी राहतात. न्यूझीलंडने २००३ मध्ये दुसरी वाट धरली, पण तात्पुरत्या व्हिसावर आलेल्या स्थलांतरितांना त्यातून वगळलं, आणि ती त्या कायद्यातली उघडी जखम आहे. स्वीडनने १९९९ मध्ये गिऱ्हाइकाला गुन्हेगार ठरवलं. त्यावर टीका अशी की घाबरलेलं गिऱ्हाईक आडजागी बोलावतं आणि बाईचा धोका वाढतो. मला न्यूझीलंडची वाट अधिक पटते. पण गोव्यापुरतं बोलायचं तर एवढं लांब जायची गरजही नाही. कलम १७ च्या चौकशीत सज्ञान बाईची इच्छा विचारून ती नोंदवणं, हे आजच्या कायद्यात, आजच्या दंडाधिकाऱ्यांना करता येतं. २०२० चा निकाल त्यांच्या पाठीशी आहे.

तुमच्या शेजारी एखादी मुलगी लहान वाटत असेल, कधी बाहेर दिसत नसेल, तर १०९८ वर फोन करा, थांबू नका. सज्ञान बाई मदत मागत असेल तर ११२ किंवा १८१. छाप्यात सापडलेल्या बाईला जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडून मोफत वकील मिळतो, तो मागायचा तिला हक्क आहे, आणि हे तिला बहुतेक वेळा कुणी सांगितलेलं नसतं.

त्या सव्वीस वर्षांच्या बाईला आम्ही सात आठवड्यांनी बाहेर काढलं. शेवटी शाळेच्या दाखल्यावरच्या जन्मतारखेने काम झालं. न्यायालयाच्या आवारात तिने पहिल्यांदा फोन मागितला. तो मुद्देमाल म्हणून जप्त होता. खटला संपेपर्यंत मिळणार नव्हता. मुलगा ज्यांच्याकडे ठेवला होता त्यांचा नंबर त्याच फोनमध्ये होता, आणि तो तिला तोंडपाठ नव्हता. आईने पिशवीतून वही काढली. आदल्या रात्री बसमध्ये तिने कुणाकडून तरी तो नंबर मोठ्या अक्षरांत लिहून घेतला होता. माझ्या फोनवरून लावला. पलीकडून मुलाने विचारलं, "कोण?" ती काही क्षण नुसतीच फोन कानाला धरून उभी राहिली.